गाळणी सफाई, अकरा मिनिटे

दुपारी सव्वाबाराला इमारतीचा पाण्याचा पंप बंद पडला आणि तो हातातला चमचा तसाच धरून ओट्याजवळ उभा राहिला. पंप तळमजल्यावर, जिन्याखाली. हा चौथ्या मजल्यावर. पंपाचा आवाज म्हणावा असा इथवर येत नसे. भिंतीतून एक बारीक थरथर येई, ती इतक्या वर्षांत अंगवळणी पडली होती, आणि आता ती थांबल्यावर स्वयंपाकघर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. त्याने मान किंचित वळवून उजवा कान पुढे केला. डाव्यात पंपघराने काही शिल्लक ठेवलं नव्हतं. बायको आतून आली, तिने नळ सोडून पाहिला. नळ दोनदा खाकरला आणि गप्प झाला.

"अहो, कान देऊन काय उभे आहात? पाणी गेलंय."

"हो."

"हो काय हो? बादली तरी भरून ठेवायची. जन्मभर पंप सांभाळलेत आणि घरात पाण्याची बोंब."

आपण कशाची वाट पाहत होतो हे त्याला तेव्हा कळलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी कुठेही पंप थांबला की त्याचं अंग आपोआप वाट पाहायला लागे. आधी तीन-चार सेकंद नुसतीच शांतता, मग नळ्यांतून पाणी मागे सरकल्याचा गुळगुळाट, आणि मग तिचा आवाज. गेल्या मंगळवारपर्यंत ही वाट पाहण्यात सुख होतं. बसथांब्यावर, दवाखान्यात, नाटकाच्या मध्यंतरात वातानुकूलन यंत्र थांबल्यावर, कुठेही. आज त्याने चमचा खाली ठेवला आणि नको असलेलं माणूस समोर यावं तसा तो त्या शांततेपासून बाजूला झाला, बैठकीत जाऊन त्याने रेडिओ लावला. उद्या अकरा वाजता त्याला समितीपुढे उभं राहायचं होतं.

मत्स्यालयाचं पंपघर मोठ्या टाकीच्या खाली होतं. लोखंडी बावीस पायऱ्या, कायम ओल्या. कठड्याला हात लावला की तळव्याला मीठ लागे. मीठ, गंज, ग्रीस यांचा वास आणि पाणी गार करणाऱ्या यंत्राच्या नळीवर जमलेल्या बर्फाचा वास, ज्याला वास नसतो असं लोक म्हणतात. मत्स्यालय सुरू झालं तेव्हापासून तो तिथे होता. पहिल्याच महिन्यात त्याने दोन मोठ्या पंपांची नावं ठेवली, थोरला आणि धाकटा. तिसरा अडीअडचणीसाठी होता, वर्षातून चार दिवस चालायचा, पण तेलपाणी रोज करावं लागे, म्हणून तो जावई. पुढे मुलीचं लग्न झालं तेव्हा कुणीतरी हे खऱ्या जावयाच्या कानावर घातलं, आणि तो भला माणूस पहिल्या भेटीत बावीस पायऱ्या उतरून खाली आला आणि त्या तिसऱ्या पंपाला वाकून नमस्कार करून गेला. दर दोन तासांनी नोंदी करायच्या: तापमान, क्षार, क्लोरीन, दाब. हिरव्या कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर, वेळ आणि शेरा धरून सहा रकाने. सत्तावीस वर्षांत एकाही रकान्यात लाल शाई लागली नव्हती, आणि हे तो निरोपाच्या भाषणात बोलला तेव्हा समोरचे लोक हसले होते, कारण त्यांना तो विनोद वाटला. पाणी चोख होतं. वर खेळ पाहणारी माणसं टाळ्या वाजवत टाकीतल्या देवमाशासाठी, पण तो पोहत होता ते पाणी याचं होतं, आणि ते याला माहीत होतं.

ती आली तेव्हा करडी होती. थंड समुद्रातला पांढरा देवमासा लहानपणी करडाच असतो, वयाबरोबर पांढरा होत जातो; शिट्टीवाला म्हणायचा, बघ, तुझ्या डोक्याची आणि तिच्या पाठीची शर्यत लागली आहे. शिट्टीवाला म्हणजे तिला खेळ शिकवणारा. फुगलेलं कपाळ, आखूड मान, आणि ओठांची ठेवण अशी की चेहऱ्यावर कायम हसू. ते हसू नव्हे, जबडाच तसा, हेही शिट्टीवाल्यानेच सांगितलं होतं, पण वर भिंतीवर रंगवलेल्या चित्रात ते हसू दोन हात लांब होतं आणि तिकिटावर तर दात काढून. पंपघराच्या भिंतीत थाळीएवढी गोल काच होती, चार बोटं जाड, टाकीच्या तळाची जाळी दिसावी म्हणून बसवलेली. जाळीपेक्षा तीच जास्त दिसे. जवळ येई, एक डोळा लावी, आणि डोळा माणसाच्या इतका सारखा असे की सुरुवातीला त्याला डबा उघडून जेवायचा संकोच वाटे.

चौथ्या वर्षीची गोष्ट. वाळूची गाळणी धुवायची तर एक पंप थांबवावा लागे, दुसरा चालू ठेवून. त्या सकाळी धाकट्याच्या झडपेतून पाणी झिरपत होतं म्हणून त्याने दोन्ही थांबवले. नियमात ते बसत होतं, पंधरा मिनिटांपर्यंत. पावणेसात वाजले होते, वर कुणी आलं नव्हतं. पंप उतरत उतरत थांबले, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच त्याला पंपघराचं मौन ऐकू आलं. मग काचेपलीकडून आवाज आला. दार करकरावं तसा सुरू झाला, वर चढला, शेवटी शिटीसारखा बारीक होऊन तुटला. पुन्हा तसाच. पुन्हा. पाणी त्याच्या छातीत वाजत होतं. हातातला पाना त्याने जमिनीवर ठेवला, टेकवला म्हणावं इतक्या हळू, आणि झडप विसरून तो भिंतीला टेकून बसला. दहाएक मिनिटं ती गात होती. मग थांबली. संपलं, असं त्याला वाटलं. गाणं संपलं की उगाच पाणी कशाला अडवून धरायचं, म्हणून त्याने उठून थोरला सुरू केला, मग धाकटा. पंपांची घरघर चढत गेली ती त्याच्या परीने टाळ्यांसारखी होती. रजिस्टरात त्याने लिहिलं: गाळणी सफाई, अकरा मिनिटे.

त्यानंतर आठवड्यातून तीनदा, तेवीस वर्षं. गाळणीला गरज नसली तरी. कधी नऊ मिनिटं लागत, कधी बारा, एकदा तेरा. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते फक्त बायकोला आणि सात वर्षांच्या मुलीला, आणि मुलीला सांगून गप्प बसता येत नाही. सुट्टीच्या दिवशी तिला घेऊनच जावं लागे. मासळीची रिकामी बादली पालथी घालून ती काचेपाशी बसे, दोन्ही हात कानांमागे धरून. त्या वर्षी तिला एकच दुःख होतं, वर्गातल्या सगळ्यांना मावशी आहे आणि आपल्याला नाही. आई एकुलती एक. एके दिवशी काचेला डोळा लागला तेव्हा तो म्हणाला, ही घे तुझी मावशी. मुलीला ते इतकं पटलं की घरी जाऊन तिने आईला जाब विचारला, तू मला सांगितलं का नाहीस.

"म्हणजे माझी बहीण झाली की!" बायको म्हणाली होती. "मग एकदा जेवायला तरी बोलवा. नाहीतर म्हणेल, बहिणीकडे सगळं आहे आणि विचारत नाही."

"ती दिवसाला पंधरा किलो मासे खाते."

"खाऊ दे. माहेरचं माणूस आहे."

तेव्हापासून घरात तिला तेच नाव. थंडी पडली की बायको म्हणे, माझ्या बहिणीला बरं वाटत असेल. मुलगी आजारी पडली की मावशीला निरोप. दहावीच्या निकालाच्या दिवशी मुलगी आधी बावीस पायऱ्या उतरली होती आणि मग घरी आली होती. एक छोटा टेपरेकॉर्डर त्याने त्याच सुमारास घेतला आणि सहा सकाळी काचेला चिकटवून धरला. पुढे मत्स्यालयाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा पुस्तिका निघाली, तिच्यात अकराव्या पानावर तो, काच आणि मथळा: पंपवाल्यासाठी गाणारी. बायकोने ते पान प्लास्टिकमध्ये घालून ठेवलं होतं. त्याच्या आयुष्यात छापून आलेलं ते एवढंच.

मग मंगळवार. आवाजवाली आली ती पाठीवर पिशवी, पायांत कॅनव्हासचे बूट, वय मुलीपेक्षा थोडं कमी. हे नाव बायकोने ठेवलं. ती समुद्रातल्या प्राण्यांच्या आवाजांचा अभ्यास करते म्हटल्यावर दुसरं काय ठेवणार. मत्स्यालय आता बंद होत होतं. मावशीचं काय करायचं हे ठरवायला समिती बसली होती: कंपनी म्हणत होती दुसऱ्या शहरातल्या मत्स्यालयात पाठवू, आणि आवाजवालीच्या लोकांनी थंड समुद्रावरची एक खाडी पाहून ठेवली होती, तोंडाशी जाळं लावलेली. "आता तिथे मायक्रोफोन सोडून काही मिळत नाही काका," ती म्हणाली. "पंप कधी थांबतच नाहीत. सगळं आपोआप चालतं." हे त्याला माहीत होतं. त्याच्यानंतर नवीन झडपा बसवल्या होत्या, एकही पंप न थांबवता गाळणी धुणाऱ्या. सहा वर्षं. मंगळवारपर्यंत त्याला याचं एवढंच वाईट वाटे की बिचारीचं गाणं ऐकायला कुणी नाही.

कॅसेट घालून तिने टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडला. पडद्यावर आवाजाचं चित्र उमटायला लागलं, काळ्यावर पांढरे फराटे. एक फराटा, मोकळी जागा, फराटा, मोकळी जागा. त्याला पडद्याकडे बघताच आलं नाही. डोळे मिटून तो त्या सकाळी जाऊन बसला, आणि शेजारी बायको पदराशी चाळा करत म्हणाली, अगदी तशीच हो, अगदी तशीच. मग आवाजवालीने दुसरी एक ध्वनिफीत लावली. तोच आवाज. करकर, चढ, तुटणं. "ही पण तीच ना?" तो म्हणाला. नाही म्हणाली. ही दुसरी. हिच्याबरोबर एकाच जाळ्यात धरलेली, नंतर दुसऱ्या एका मत्स्यालयात होती, तिथेच बारा वर्षांपूर्वी वारली. या देवमाशांत सोबतच्यांची अशी एक हाक असते, आईकडून आलेली, जवळच्यांची सारखी. एकमेकी दिसत असल्या की ती देत नाहीत. दिसेनाशा झाल्या की देतात.

"म्हणजे गाणं..." बायको म्हणाली.

"गाणं नाही काकू. तू कुठे आहेस, असं काहीतरी. आपल्या भाषेत सांगायचं तर."

तिने ते सांभाळून सांगितलं होतं, हे त्याला जाणवलं. डॉक्टर सांगतात तसं. काही क्षण त्याला तेवढंच टोचलं की गाणं आपल्यासाठी नव्हतं, आणि हे टोचणं त्याने गिळलं असतं. या वयात माणूस बरंच गिळतो. पण ती पडद्याकडे बोट दाखवत विचारत होती, "काका, हे शेवटी काय आहे? सहाही वेळा आहे." पांढऱ्या फराट्यांनंतर एक मोकळी जागा, नेहमीपेक्षा रुंद, आणि मग सगळा पडदा खालपासून वरपर्यंत पांढराफटक.

"थोरला," तो म्हणाला. "पंप."

"तुम्ही पंप कधी सुरू करायचात?"

"तिचं झालं की."

पाणी कुठून कुठे जातं, काय उघडलं की काय बंद होतं, यात त्याचा जन्म गेला होता. ही गोष्ट त्याला कुणी समजावून द्यायला नको होती. हाक मारणारा थांबतो तो झालं म्हणून नाही. ती आठवड्यातून तीनदा हाक मारायची आणि मग उत्तर येतं का ते ऐकायला थांबायची, आणि नेमक्या त्या क्षणी तो उठून थोरला सुरू करायचा, मग धाकटा. कोठीत जाऊन त्याने रजिस्टरांच्या जुन्या प्रती काढल्या. चौथं वर्ष. दोन्ही नोंदी त्याच्याच अक्षरात होत्या, समोरासमोरच्या पानांवर. डाव्या पानावर, एक प्राणी रवाना, पेटीतील पाणी चार अंश. पाठीवर ओली फडकी टाकून झोळीतून त्या दुसरीला या टाकीतून उचललं होतं आणि ते पाणी त्यानेच गार करून दिलं होतं. उजव्या पानावर, नऊ दिवसांनी, गाळणी सफाई. सहा रकाने होते. आवाजाचा नव्हता. आठवड्याला तीन, वर्षाला एकशे छपन्न, तेवीस वर्षं, रजा वजा जाता तेहेतीसशेच्या आसपास. आणि नियमात पंधरा मिनिटं बसत होती. अकराव्या मिनिटाला पंप सुरू केला तेव्हा हातात अजून चार होती.

तिकीटसाहेब त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारी येऊन गेले होते, बिस्किटांचा डबा घेऊन. खिडकीत तिकिटं फाडण्यापासून व्यवस्थापकापर्यंत चढले, म्हणून तिकीटसाहेब. हे नाव त्यांच्या तोंडावरही चाले. त्यांनी सोफ्यावर बसून पुस्तिकेचं अकरावं पान मागवून घेतलं, पुन्हा वाचलं, आणि चष्मा काढून पुसला. ते नाटक नव्हतं. "तुम्ही फक्त ही गोष्ट सांगा. जशी छापली आहे तशी. शास्त्र सांगायला त्यांच्याकडे दहा माणसं आहेत, पण तिच्याजवळ तेवीस वर्षं बसलेला माणूस एकच आहे. ती माणसांत वाढली हो. समुद्रात तिचं आता कोण आहे? इथे आपण तरी आहोत." त्या दिवशी त्याने मान डोलावली होती, आणि मनापासून डोलावली होती. आपण तरी आहोत. हे वाक्य त्याला अजूनही खोटं वाटत नव्हतं, हीच अडचण होती. मासे ताजे होते. पाणी चोख होतं. शिट्टीवाला तिच्या तापात तीन दिवस काठावर झोपला होता. कुणी तिच्यावर हात उगारला नव्हता, आवाज चढवला नव्हता, आणि या सगळ्या चांगल्या माणसांमध्ये ती एकोणतीस वर्षं एकटी होती.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. पंप दुरुस्त झाला होता, भिंतीत थरथर परत आली होती.

"बाबा, उद्या मी येतेय. सुट्टी टाकली."

"कशाला उगाच?"

"उगाच काय? माझ्या मावशीचा प्रश्न आहे." ती हसली, मग गंभीर झाली. "तिला कुठेही पाठवू देत बाबा, मला ती खाडीच बरी वाटते. पण तू गाण्याचं सांग. ती गायची हे लोकांना कळू दे. मला अजून कधी झोप लागली नाही ना, की मी त्या बादलीवर जाऊन बसते. पोरांना पण हेच सांगते. तेवढं आपलं आहे, ते काही कंपनीचं नाही."

"बरं."

"आईला दे."

बायकोने फोन घेतला आणि बहिणीबद्दल, भाजीबद्दल, जावयाच्या गुडघ्याबद्दल बोलली, मंगळवारबद्दल एक अक्षर नाही. ठेवल्यावर म्हणाली, "मी नाही सांगितलं."

"ऐकलं मी."

"तुम्हीही नाही सांगितलंत तर कुणाचं अडणार आहे? आवाजवालीकडे कॅसेट आहे, ती दाखवेल त्यांना. तुमच्या तोंडून कशाला?" ती त्याच्या जवळ येऊन बसली. "पोरीचं बालपण आहे हो ते."

समितीची खोली सरकारी कचेरीत तिसऱ्या मजल्यावर होती, लांब टेबल, पाण्याचे पेले पालथे घातलेले. तीन सभासद, मध्ये अध्यक्षबाई, डाव्या कोपऱ्यात टंकलेखिका. समोर खुर्च्यांच्या चार रांगा. तिसरीत मुलगी, तिच्या शेजारी बायको, दोघींनी एकच पाण्याची बाटली धरली होती. तिकीटसाहेबांनी लांबून हात केला. आवाजवाली भिंतीपाशी उभी होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती, याबद्दल त्याला तिचे उपकार वाटले. कंपनीचा वकील तरुण, नम्र. त्याने अकरावं पान पुढे ठेवून विचारलं, हे आपलंच छायाचित्र ना, आणि हे खरं आहे ना, की पंप थांबले की ती आपल्यासाठी गायची?

तिसऱ्या रांगेत मुलगी किंचित पुढे झुकली. तो चेहरा त्याला बादलीवरून माहीत होता.

"पंप थांबले की ती आवाज करायची," तो म्हणाला. "मी त्याला गाणं म्हणायचो."

"म्हणजे आनंदात असायची."

"ते मला माहीत नाही. ती आवाज करायची आणि थांबायची. थांबली की मी पंप सुरू करायचो."

वकिलाने मागच्या कुणाकडे तरी पाहिलं आणि आभार मानले, पण अध्यक्षबाईंनी हात वर केला. "जरा थांबा. थांबायची म्हणजे?"

"ऐकायला थांबायची. तिच्याबरोबरची एक होती, ती पाठवली होती. ती उत्तर देते का ते ऐकायला." त्याला वाटलं होतं आवाज फाटेल, पण तो रजिस्टर वाचल्यासारखा सरळ निघत होता. "मला तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं संपलं. आठवड्यातून तीनदा, तेवीस वर्षं. प्रत्येक वेळी ती ऐकायला लागली की मी पंप लावला. नोंदी आहेत." तिसऱ्या रांगेकडे त्याने पाहिलं नाही. तिथून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काहीच आलं नाही.

"साधारण किती वेळ ऐकत राहायची ती?" अध्यक्षबाईंनी विचारलं. त्यांनी ते हळू विचारलं, पण प्रश्न कामाचा होता. त्यांना कागदावर आकडा हवा होता. "अंदाजे चालेल. एक मिनिट, दोन मिनिटं?"

आयुष्यात कुणी त्याला आकडा विचारला आणि त्याच्याजवळ तो नव्हता असं झालं नव्हतं. टंकलेखिकेने बोटं कळांवर ठेवली होती आणि ती त्याच्याकडे बघत थांबली होती.

"सांगता येणार नाही," तो म्हणाला. "मी तेवढं कधी थांबलोच नाही."